एकाहत्तर तासांची हवा

"यंत्राला जे डोळ्याचं पातं लवायच्या आत जमतं, ते माणसानं कशाला घोकायचं?"

मृण्मयीने हा प्रश्न त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला. चंद्रावरच्या कुमुद वसाहतीत येऊन तिला चार महिने झाले होते. पृथ्वीवर तिचे गणित कच्चेच राहिले होते, म्हणून इथल्या शाळेने तिला गणिताच्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमात बसवले. अकरा वर्षांची मृण्मयी आणि तिच्याभोवती सगळी आठ-नऊ वर्षांची चिल्लीपिल्ली! रोज सकाळी वीस मिनिटे पाढे, बेरजा, भागाकार. तेही तोंडी.

शिकवायला अंकुश नावाचा यंत्रमानव होता. तो कधी चिडत नसे, आणि मृण्मयीला त्याचाच जास्त राग येई.

"तू एका सेकंदात कोटी गुणाकार करतोस. मग मी नऊ चोक छत्तीस कशाला म्हणू?"

"माझं उत्तर बरोबर आहे की नाही, हे तुला कसं कळणार?" अंकुशने शांतपणे विचारले. "आधी अंदाज, मग उत्तर. चल, चारशे नव्वद भागिले सत्तर. किती येईल, अंदाजे?"

"दहापेक्षा कमी," मृण्मयी तोंड वाकडे करून म्हणाली.

"छान. आता नेमकं सांग."

मृण्मयीने उत्तर दिले, पण तिच्या प्रश्नाचे समाधान काही झाले नाही.

त्याच शनिवारी झरीना मावशी तिला फिरतीवर घेऊन गेली. झरीना मुजावर म्हणजे वसाहतीतली भूशास्त्रज्ञ, मृण्मयीच्या आईची जिवलग मैत्रीण. एका विवराच्या काठावरचे खडक गोळा करायला सहा चाकांच्या बंद गाडीतून दोघी निघाल्या. वसाहतीपासून छत्तीस किलोमीटरवर धुळीखाली लपलेल्या खड्ड्यात गाडीचे पुढचे चाक दाणकन आपटले. गाडी अशी हादरली की मृण्मयीची जीभच चावली गेली.

चाक पार अडकून बसले होते. झरीनाने गाडी मागे घेऊन खड्ड्याबाहेर काढली, पण ते चाक काही फिरेना. तिने वसाहतीशी संपर्क साधला.

"ओढून आणणारी गाडी बर्फाच्या खाणीवर गेलीय," तिकडून उत्तर आले. "तुमच्यापर्यंत यायला बारा तास लागतील. मोडक्या चाकावर गाडी चालवू नका. हवा भरपूर आहे ना?"

झरीनाने पडद्याकडे पाहिले. तिथे लिहिले होते : 'प्राणवायू शिल्लक : ७१ तास.'

"एकाहत्तर तास!" ती हसली. "निवांत बसू या. डब्यात थालीपीठं आहेत."

वसाहतीच्या पडद्यावरही गाडीच्याच संगणकाकडून हा आकडा जात होता. त्यामुळे तेही निर्धास्त झाले.

डबा काढायला मृण्मयी आसनामागे वाकली. तिथे प्राणवायूच्या दोन टाक्या होत्या. एकीवरचा काटा शून्यावर होता. त्या हादऱ्याने तिची झडप तडकली होती आणि सगळा वायू बाहेरच्या पोकळीत निघून गेला होता. दुसरीचा काटा चारशे नव्वद ग्रॅम दाखवत होता.

"मावशी, एका माणसाला तासाला किती प्राणवायू लागतो गं?"

"साधारण पस्तीस ग्रॅम. का?"

पस्तीस दुणे सत्तर. हे मनात आपोआप आले, त्यासाठी थांबावे लागले नाही. दोघींना तासाला सत्तर ग्रॅम. सत्तर दाहे सातशे, आणि शिल्लक तर सातशेसुद्धा नाही. म्हणजे दहा तासही नाहीत! सात साते एकोणपन्नास. मृण्मयी डबा तिथेच सोडून ताठ उभी राहिली.

"मावशी, पडदा चुकतोय. हवा सात तासांचीच आहे."

"अगं, संगणक कसा चुकेल?"

"काटे बघ ना!"

झरीनाने काटे पाहिले. खिशातली पेन्सिल काढून तिने दोनदा हिशेब केला. सात तास. आणि मदत येणार बारा तासांनी.

"बाकीच्या पाच चाकांवर गाडी किती वेगानं जाईल?" मृण्मयीने विचारले.

"सांभाळून चालवली तर तासाला नऊ किलोमीटर."

"नऊ चोक छत्तीस. चार तास! तीन तासांची हवा उरेल. मावशी, आत्ता निघू या."

झरीनाने वसाहतीला कळवले आणि गाडी सुरू केली. अडकलेले चाक घासत, करकरत राहिले. पहिल्या तासात आठच किलोमीटर झाले, तेव्हा मृण्मयीने पुन्हा हिशेब मांडला : याच वेगाने गेलो तर एकूण साडेचार तास. तरीही हवा पुरते. तेवढ्याने तिच्या जिवात जीव आला. मग दर तासाला ती मोठ्याने सांगत गेली, किती आलो, किती उरले. आणखी घाबरायला सवडच मिळाली नाही.

साडेचार तासांनी वसाहतीचे दार त्यांच्यामागे बंद झाले. आईने तिला असे कवटाळले की श्वास घेता येईना. पण आता श्वासाची काय कमी होती? मृण्मयीने ताजी हवा छाती भरून घेतली आणि मगच तिला रडू फुटले. झरीना मावशी तर जमिनीवरच बसली आणि हसत सुटली.

चूक अंकुशने शोधून काढली. चंद्रावर वातावरण नाही, त्यामुळे वैश्विक किरण (दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून सुटलेले अतिवेगवान कण) थेट येऊन आदळतात. असाच एक कण गाडीच्या संगणकाच्या स्मृतीतून गेला होता.

"संगणक संख्या लिहितो ती घरांमध्ये," अंकुश म्हणाला. "घरांच्या किमती एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. घरात एक असेल तर किंमत धरायची, शून्य असेल तर नाही. सात म्हणजे चार, दोन आणि एक. त्या कणानं चौसष्टच्या घरातल्या शून्याचा एक केला."

"सात अधिक चौसष्ट, एकाहत्तर!" मृण्मयी ओरडली. "पण गाडीत मला तो हिशेब इतका पटकन कसा सुचला? मी तर घाबरले होते."

"मेंदूची कार्यस्मृती (काम करताना तेवढ्यापुरती माहिती धरून ठेवणारी जागा) फार लहान असते. ताटात तीन-चारच वाट्या मावाव्यात तशी. पाढा आठवायलाच सगळ्या वाट्या लागल्या, तर विचाराला जागा उरत नाही. सराव केलेलं गणित वेगळ्या, दीर्घ स्मृतीतून आपोआप येतं. तुझं ताट मोकळं होतं. म्हणून तुला चूक दिसली आणि वाटही सुचली."

"म्हणजे मी तुझ्याशी शर्यत लावायची नव्हतीच?"

"नाही. मी हिशेब करायचा आणि तू माझ्यावर लक्ष ठेवायचं. वसाहत दोघांनी मिळून सांभाळायची."

सोमवारी सकाळी वर्गात एक जास्तीची खुर्ची मांडलेली होती. चिल्लीपिल्ली कुजबुजू लागली. दारातून झरीना मावशी आली आणि अवघडून मृण्मयीशेजारी बसली.

"वीस वर्षांत तोंडी हिशेब केला नाही," ती हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी मंगळाच्या मोहिमेवर जायचंय. फार हसू नकोस हं."

"मी कशाला हसू?" मृण्मयी आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवत म्हणाली. "चल, तेराचा पाढा. आधी मी, मग तू."