नानाजींच्या भिंतीला घाम फुटला

आमरसाची वाटी पुंडलिकरावांच्या ओठांशी पोचली आणि नेमकी त्याच वेळी दाराची कडी वाजली. एस.टी.त जन्मभर कंट्रोलरकी केलेल्या माणसाला एवढं ठाऊक असतं, की गाडी हलली म्हणजेच प्रवासी धावत येतो. त्यांनी वाटी हातातच धरून दार उघडलं.

दारात एक तरुण मुलगी उभी होती. चेहरा उन्हानं लाल आणि डोळे रडून त्याहून लाल.

"त्या चौकशा करणाऱ्या अन्नपूर्णाकाकू इथंच राह्यतात का?"

"ये, बस. चौकशा माझी बायकोच करते. मी नुसता सोबत जातो," पुंडलिकराव म्हणाले, आणि ते तंतोतंत खरं होतं. नवरा मुलगा पितो का, नोकरी पक्की की नुसत्या बाता, हे अन्नपूर्णाबाई एका फेरीत काढून आणत. वर्ध्यात त्यासाठी त्यांचं नाव होतं. पुंडलिकराव त्यांची पिशवी धरत. निवृत्तीनंतर हे काम त्यांना चांगलं मानवलं होतं, कारण जिथं जावं तिथं चहा ठरलेला.

मुलीचं नाव सुरभी. सिंदी रेल्वे गावच्या नानाजी किराणावाल्यांची एकुलती एक. पाण्याचा पेला हातात घेऊन ती म्हणाली, "काकू, माझं लग्न मोडून राह्यलं."

"कोण मोडून राह्यलं?"

"भिंत."

पुंडलिकरावांना ठसका लागला. अन्नपूर्णाबाईंनी मात्र चष्मा पुसून नीट डोळ्यांवर चढवला.

हकिकत अशी होती. नानाजी आणि कापसाचे व्यापारी वासुदेवराव लहानपणापासूनचे जिवलग. दोघांची घरं एकमेकांना खेटून, मधली भिंत सामाईक. वासुदेवरावांचा चंदन आणि सुरभी यांचं लग्न ठरलेलं, येत्या सोमवारी मुहूर्त. पाहुण्यांसाठी नानाजींनी समोरची खोली रंगवून घेतली, आणि रंग वाळतो न वाळतो तोच सामाईक भिंतीला ओल आली. रंगाचे पोपडे पडले. पलीकडच्या कोपऱ्यात वासुदेवरावांनी नवं न्हाणीघर बांधलेलं.

"बाबा म्हणतात, पाणी तुझंच. वासुदेवकाका म्हणतात, माझा थेंब नाई. शब्दानं शब्द वाढला. आता बाबा म्हणतात, जो माणूस तोंडावर खोटं बोलते, त्याच्या घरी मी पोरगी देत नाई. आज दिवे लागेपर्यंत काकानं कबूल केलं नाई, तर उद्या सगळ्या पाहुण्यांले येऊ नोका म्हणून कळवणार हायेत." तिनं पेला खाली ठेवला. "काकू, मले चंदनशीच लग्न करायचं हाये."

"मे महिन्यात भिंतीले ओल," अन्नपूर्णाबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि उठल्या. "चला हो."

"अवं, पण रस?"

"रस काही पळून नाई जात. मुहूर्त जाते."

सिंदीला उतरले तेव्हा दुपार कलली होती, तरी ऊन अंग भाजत होतं. नानाजी दारातच होते. गळ्यापासून पोटापर्यंत घामोळ्यांनी फुललेले, एका हातात पंखा, दुसऱ्या हातानं पाठ खाजवत.

"पाहा!" त्यांनी खोलीचं दार सताड उघडलं. दाराचं कवाड सामाईक भिंतीला जाऊन टेकलं. "पाहा माझ्या मित्राची करणी!"

भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळपट ओली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या वर कोरडी ठणठणीत. ओलीची वरची कड दोरी धरून आखावी तशी सरळ होती. अन्नपूर्णाबाईंनी दार ओढून त्याच्या मागं डोकावलं. दारामागचा तेवढा पट्टा साफ कोरडा होता. ओल्या भागात एक खिळा होता, तो गंजून तपकिरी झाला होता. पोपड्यांच्या खाली पांढरी भुकटी जमली होती.

खिडकीपाशी चादर पांघरलेला कोरा कूलर उभा होता. खोलीत वाळ्याचा मंद वास होता. पुंडलिकराव दमून कूलरला कोपर टेकून उभे राहिले आणि लगेच बाजूला झाले. चादरीबाहेर राहिलेल्या मागच्या वाळ्याच्या ताटीला लागून त्यांची बाही भिजली होती.

"बापरे, ओल इथंवर पोचली!" ते म्हणाले.

अन्नपूर्णाबाईंनी बाहीकडे पाहिलं, मग कूलरकडे.

"कूलर चालतो का हो नानाजी?"

"पाहुण्यांसाठी हाये तो. मांडून ठेवला, पण पाहुणे आल्याशिवाय लावायचा नाई, असा घरात हुकूम. आमच्या थोरल्या ताईकडे पाहा, एवढं वय झालं, तिले कूलर लागत नाई!"

तेवढ्यात एक बकरी पायऱ्या चढून थेट आत आली आणि भिंत चाटू लागली.

"हाट! हाट!" नानाजी पंखा घेऊन धावले. "वासुदेवची! मालकाचं पाणी कमी पडलं म्हणून बकरी पाठवते! रोजचा ताप हाये हा."

"ही खोली आधी कायची होती?"

"दुकानाची. इथूनच धंदा सुरू केला मी. स्टेशनरोडले दुकान नेलं, तवापासून रिकामीच होती. आता दुपारभर मी अन् सुरभी तिकडेच असतो. घरी ताई एकटी."

"अन् ओल रोज असते?"

"रोज! मधात एकदा मात्र खडखडीत वाळली होती. ताई अल्लीपूरले बारशाले गेलती. पोटात धड जेवण नाई, म्हणून डोस्कं फिरलं अन् मी वासुदेवच्या दारात जाऊन चांगला तापलो. भेऊन त्यानं पाणी बंद केलं असंल. ताई आली, मी जरा थंडावलो, की याचं पाणी पुन्हा चालू!"

वासुदेवराव त्यांच्या अंगणात खाटेवर बसले होते. बारीक अंगाचा, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी न्हाणीघर उघडून दाखवलं. फरशीवर धूळ होती आणि कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलेलं. भिंतीचा त्यांच्याकडचा भाग कोरडा होता.

"भांडण झालं त्या दिवशीच कुलूप घातलं," ते म्हणाले. "सारं घर अंगणात खाटेआड आंघोळ करून राह्यलं. तरी नाना म्हणते, लपून करत असंल! बाई, चोरी लपून करतात. आंघोळ कोण लपून करते?"

पुंडलिकरावांना हसू आवरेना. वासुदेवरावांना मात्र हसू येत नव्हतं. "पाण्याचं सोडा हो. त्यानं मले खोटारडा म्हटलं, ते लागलं."

"भिंतीतून कधी काही आवाज?"

"पाण्याचा नाई. पण दुपारी पलीकडून घरघर येते. पिठाची चक्की टाकली काय, कोण जाणे."

"सुरभीच्या आत्याबाई घोरत असतील," पुंडलिकराव बायकोच्या कानाशी कुजबुजले. "शेजारी राह्यशील तर तूबी घोरणं अन् चक्की यातला फरक इसरशील."

"मी शेजारीच निजते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. पुंडलिकराव पिशवी सावरत पुढं झाले.

नानाजींची थोरली बहीण मनकर्णाबाई स्वयंपाकघरात चुलीपुढं होत्या. नाक लाल आणि पदर नाकाला. दोघं आत येताच मनकर्णाबाईंनी सटासट दोन शिंका दिल्या.

"मे महिन्यात सर्दी?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"त्या मेल्या ओलीनं बाधली," मनकर्णाबाई म्हणाल्या. चहाचा कप पुढं करणारे त्यांचे हात गुळगुळीत होते. पुंडलिकरावांना ते पाहून हेवाच वाटला, कारण एका दुपारीत त्यांची स्वतःची मान घामोळ्यांनी चरचरू लागली होती.

"दुपारी तुम्ही कूलरपाशी का बसत नाई?"

"नाव काढू नोका त्याचं! कूलरनं हाडं धरतात अन् माणूस आळशी होते. चादर मीच टाकली त्याच्यावर." मनकर्णाबाईंनी एवढ्या जोरात फुंकर मारली, की चुलीतली राख उडाली.

अन्नपूर्णाबाई पुन्हा त्या खोलीत आल्या. केसांतली पिन काढून त्यांनी भिंतीवरची पांढरी भुकटी कागदावर खरवडली.

"जीभ काढा."

"काऊन?" पुंडलिकराव मागं सरकले.

"काढा तर."

तीस वर्षांच्या संसारात हा सूर त्यांनी ओळखला होता. त्यांनी जीभ काढली. "थू! थू! खारट हाये ना वं!"

"सुरभी," अन्नपूर्णाबाईंनी हाक मारली, "एका बशीत मूठभर खडे मीठ आण. कूलरात पाणी भर. खिडक्या लाव. मंग सगळ्यांले इथं बोलाव. वासुदेवरावांलेबी."

कूलर घरघरू लागला. मिठाची बशी त्याच्यासमोर स्टुलावर होती. नानाजी खुर्चीत फुगून बसले होते. वासुदेवराव आत आले, पण दारापाशीच थांबले, आणि दोघा मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मनकर्णाबाई भिंतीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या. सुरभीनं दाराची चौकट घट्ट धरली होती. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

"नानाजी," अन्नपूर्णाबाई सांगू लागल्या, "तुमच्या भिंतीत पलीकडून थेंबबी आला नाई. पाणी न्हाणीघरातून येतं, तर आधी त्यांची बाजू भिजली असती. ती कोरडी हाये. न्हाणीघर एका कोपऱ्यात, अन् ओल पार दुसऱ्या टोकापर्यंत. वरून त्यांनी कुलूप घातलं, तरी तुमची ओल कायम."

"मंग पाणी काय आभाळातून पडलं?"

"हवेतून आलं. आता ही कड पाहा. झिरपलेलं पाणी कधी अशी सरळ रेघ मारते का? ही रेघ पोत्यांच्या थप्पीची हाये. इथं तुमचं दुकान होतं. या भिंतीले कायची पोती लावत होते?"

नानाजींचा पंखा थांबला. "मिठाची."

"दारामागं थप्पी लावता येत नाई, दार उघडत नाई. म्हणून तेवढाच पट्टा कोरडा. वर्षानुवर्षं मीठ भिंतीत मुरलं. खिळा त्यानंच गंजला. वासुदेवरावांच्या बकरीले तुमच्याशी वैर नाई, तिले मीठ आवडते. अन् पावसाळ्यात मिठाच्या पोत्याखाली पाणी सुटते, हे मी किराणावाल्याले सांगू?"

"पावसाळ्यात सुटते! पण आता भर उन्हाळा..."

"कोरड्या हवेत ही भिंत गप राह्यते. पण खिडक्या लावून कूलर चालवला, की या खोलीत पावसाळा येते. बशी पाहा."

नानाजींनी उठून मिठाच्या खड्यांना बोट लावलं. खडे ओलसर, चिकट झाले होते. त्यांनी बोट पुसलं. मग पुन्हा मान ताठ झाली.

"खोटं! कूलर आज पहिल्यांदा लागला. तवा ही ओल त्याची नाई. वासुदेवचीच!"

वासुदेवराव वळून निघालेच. सुरभीच्या तोंडून हुंदका फुटला.

आणि तेव्हा, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून, पुंडलिकरावांच्या डोक्यात उजेड पडला. "अवं! मंग माझी बाही काऊन भिजली? मी टेकलो तवा तर कूलर बंद होता!"

"शाबास," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "ताटी ओली होती. वाळ्याचा वास होता. आजच दुपारी कोणीतरी कूलर लावला."

वासुदेवराव दारातच थबकले. "हीच ती घरघर! रोज दुपारी येते ते हीच!"

नानाजी गर्रकन लेकीकडे वळले. "सुरभे, तू? माझा हुकूम मोडून? तुझ्यापायी मी..."

"पोरीले बोलू नोको, नाना." मनकर्णाबाई पुढं आल्या. "ती दुपारी तुझ्या दुकानात असते. मी लावला. रोज मीच लावला."

अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या, "मले सर्दीवरून शंका आली, अन् हातांवरून. सारं घर घामोळ्यांनी खाजवते, चुलीपुढची बाई मात्र गुळगुळीत. तुम्ही अल्लीपूरले गेल्या अन् भिंत वाळली, तवा खात्री पटली. पण तुम्ही काही गुन्हा केला नाई. ओल त्यानं येते, हे तुम्हाले कुठं माहीत होतं?"

"नव्हतं माहीत! देवाशपथ नव्हतं!" मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "जल्मभर चुलीपुढं शेकली मी. एक दिवस चादर झटकताना बटण दाबून पाह्यलं. इतकं गार वारं माझ्या आंगाले कधी लागलं नव्हतं रे! अन् तू साऱ्या गावाले सांगत फिरतो, आमच्या ताईले कूलर लागत नाई. मंग मी कोणत्या तोंडानं सांगू? पण पोरीचं लग्न मोडत असंल, तर हसू दे गावाले."

नानाजी मटकन खुर्चीत बसले. "बह्याड हाये मी, ताई. तुले कूलर पाह्यजे, हे मले कधी सुचलंच नाई." मग ते उठले, वासुदेवरावांपुढं गेले आणि पायांशी वाकू लागले.

वासुदेवरावांनी त्यांचे दंड धरले. "लहानपणापासून ओळखतो तू मले, अन् खोटारडा म्हटलं."

"म्हटलं. जीभ झडो माझी. तू आता नाई म्हण, मी ऐकून घेईन. पण पोरीले शिक्षा नको देऊ."

वासुदेवरावांनी त्यांचे दंड सोडले नाहीत. "सोमवारी मांडवात व्याहीभेट घ्यायचीच हाये," ते म्हणाले. "चाल, आताच घे. नाईतर तू तवापर्यंत अजून काहीतरी बोलून बसशील." आणि त्यांनी नानाजींना घामोळ्यांसकट मिठी मारली. नानाजी लहान पोरासारखे रडले.

सुरभीनं डोळे पुसले. मोठ्यांच्या देखत तिनं इतके दिवस चंदनचं नावसुद्धा मोठ्यानं घेतलं नव्हतं. आता ती सरळ भिंतीपाशी गेली आणि ओरडली, "चंदन, सोमवारी येजो!"

"येतो!" पलीकडून इतक्या तातडीनं उत्तर आलं, की नवरदेव मघापासून भिंतीला कान लावून उभा होता, हे सगळ्यांनाच कळलं. सगळ्यात आधी मनकर्णाबाई हसल्या.