स्टेअरिंगवरची निळी चिंधी

चांगुणाबाई गंगाखेडच्या पहिल्या एसटीने परभणीत उतरल्या त्या थेट नागनाथरावांच्या दारात. आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच थांबल्या. नागनाथरावांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, तेव्हा कुठे टेकल्या.

"साहेब, माझ्या पंडितला फौजदारानं धरून ठेवलंय. दत्तराव शेठची मोटार त्यानं मुद्दाम बिघडवली म्हणतेत. परवा त्याला इथं एसटीच्या वर्कशॉपात हजर व्हायचंय. केस झाली की नोकरी गेली. लय वाट बघितली ओ त्या नेमणुकीच्या कागदाची."

नागनाथराव एके काळी पोलीस जमादार होते. नोकरी संपली, पण खोड काही गेली नाही. लोकांच्या अडल्यानडल्या भानगडी ते उकलून देत. शेजारी पेपरात डोकं घालून बसलेले तात्याराव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. आपल्यातही एक गुप्तहेर दडलेला आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. तो आजवर कुणाला सापडला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"पंडित मेकॅनिक का?" नागनाथरावांनी विचारलं.

"व्हय. लिंबाजी मिस्त्रीच्या गॅरेजात. नवमीला त्यानं शेठच्या मोटारीचं स्टेरिंग उघडलं. सांजच्याला आमची समदी वस्ती नागपूरला निघाली, दीक्षाभूमीला. तर हा गॅरेजातून पळतच घरी आला, माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून नेली, परत आला आन् मग रेल्वेत बसला. इकडं दसऱ्याला मोटार रस्त्याखाली गेली. काल नागपूरहून आला तर ठेसनावरच धरला."

"चिंधी कसली?"

"निळी. पिवळ्या काठाची."

"शेठचं आणि त्याचं काही वाकडं होतं?"

चांगुणाबाईंनी मान खाली घातली. "मागल्या साली शेठच्या दारात त्याला येगळी कपबशी दिली. हा चहा न घेता निघून आला. त्याचाच राग काढला म्हणतेत."

"आणि पंडित काय म्हणतो?"

"काईच न्हाई. चूक माझी हाय, एवढंच."

"म्हणजे कबुलीच की!" तात्यारावांनी पेपर मिटला.

"तात्या, मुद्दाम करणारा माणूस त्याला चूक म्हणत नसतो. चला, एसटी गाठू."

गंगाखेडच्या फौजदारांनी सगळं नीट समजावून सांगितलं. स्टेअरिंग फिरवलं की एक दांडा चाकं वळवतो. तो दांडा चाकाशी नटाने जोडलेला असतो, आणि नट फिरून निघू नये म्हणून त्यात आडवी पिन घालतात. पिनेची दोन टोकं पकडीने फाकवून वळवली की काम पक्कं.

"इथे नट वाटेत गळून पडलाय," फौजदार म्हणाले. "आणि पिन तर घातलेलीच नव्हती. भोकात नवं ग्रीस आहे, पण ओरखडासुद्धा नाही. काम करून पोरगा पसार. आणखी काय पाहिजे?"

तात्यारावांनाही आणखी काही नको होतं. नागनाथराव मात्र दत्तरावांच्या घराकडे वळले.

दत्तराव शेठ हात प्लास्टरमध्ये घालून ओसरीवर बसले होते. "पोखर्णीच्या अलीकडं वळणावर स्टेरिंग नुसतंच गरगर फिरायला लागलं. चाकं ऐकंनात. मोटार सरळ कापसात. नशीब, हात मोडला, मान न्हाई."

"मोटार तुमच्या ताब्यात कुणी दिली?"

"लिंबाजी मिस्त्रीनं. दसऱ्याला दुपारी. सीमोल्लंघनाचा मुहूर्त होता. मिस्त्रीनं स्टेरिंगला हार घालून दिली."

"म्हणजे वेशीबाहेर शमीपर्यंतच जायचं होतं?"

"व्हय. पण सोनं लुटल्यावर म्हटलं, हिच्या माहेरी पोखर्णीला बी सोनं देऊन यावं."

आतून पाणी घेऊन आलेल्या रुख्मिणीबाई म्हणाल्या, "मिस्त्रींनी लय आग्रह केला होता. सोनं लुटलं की मोटार घेऊन इकडंच चहाला या, असं तीनदा म्हणाले. ह्यांनी ऐकलं न्हाई."

तात्यारावांना चहात रस होता, पण पुराव्यात चहा कुठे बसतो ते त्यांना कळेना. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "शेठ, सासुरवाडीत तुमचा कुणी दुश्मन?" रुख्मिणीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मुकाट्याने पाणी पिऊन टाकलं.

लिंबाजी मिस्त्रीचं गॅरेज स्टेशनच्या रस्त्यावर होतं. पुढचं चाक तिरकं झालेली शेठची मोटार ओढून आणून दारातच उभी केली होती. आत एक जीप होती, तिच्या स्टेअरिंगला तांबडी चिंधी बांधलेली.

"ही कसली फॅशन?" तात्यारावांनी विचारलं.

"काम बाकी हाय, त्याची खूण," लिंबाजी म्हणाला. साठीचा, पाठीत वाकलेला माणूस. खिशातून मळका निळा कपडा काढून तो चष्मा पुसत होता. कपड्याचा एक काठ पिवळा होता. "आमच्या गॅरेजचा कायदाच हाय. चिंधी हाय तवर गाडी हलत न्हाई."

"शेठच्या मोटारीचं काम पंडितनं पुरं केलं होतं?"

चष्मा पुसणारा हात थांबला. "हां. पुरं."

भिंतीशी पाटावर खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. लोखंडी पाने, हातोडी, पक्कड आणि पकडीला लागून एक नवीकोरी, सरळ पिन. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं, सगळ्यांवर वाळलेला झेंडू. तात्यारावांनी हात जोडले. देव कोणता हे न बघता हात जोडायची त्यांना सवय होती.

"मिस्त्री, दसरा होऊन तीन दिवस झाले. हत्यारं अजून उचलली नाहीत?"

"मन होईना साहेब."

नागनाथरावांनी पाटाला हात लावला नाही. बाहेर येऊन ते म्हणाले, "तात्या, सगळ्यांना इथेच बोलवा. पंडितलाही."

दुपारी गॅरेजात माणसं जमली. फौजदार, दत्तराव, रुख्मिणीबाई, चांगुणाबाई. पंडित हवालदाराशेजारी उभा होता. तो आईकडे बघत नव्हता, तसाच लिंबाजीकडेही.

"फौजदारसाहेब," नागनाथराव म्हणाले, "पिन घातली नव्हती, हे तुमचं खरं. मग ती गेली कुठे? ही बघा. पाटावर."

फौजदार वाकले.

"टोकं सरळ आहेत, म्हणजे ती कधीच बसवली नाही. अंगावर हळदकुंकू आहे, म्हणजे नवमीच्या पूजेच्या वेळी ती इथे होती. गाडी बिघडवायची असेल, तर माणूस पिन फेकून देईल. मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर, बरोबर पकडीशेजारी कशाला ठेवील?"

"मग त्यानं बसवली का नाही?" दत्तरावांनी विचारलं.

"कशानं बसवणार? नट पान्यानं आवळायचा, पकडीनं पिन वळवायची. दोन्ही पूजेत. खंडेनवमीला पाटावर ठेवलेलं हत्यार सीमोल्लंघन होईस्तोवर उचलत नाहीत. हा पिन आणायला गेला, तेवढ्यात हत्यारं पाटावर मांडली गेली. खरं ना पंडित?"

पंडितने पाटावरच्या पिनेकडे बघितलं.

"मिस्त्रीचा नेम यानं मोडला नाही. पिन समोर ठेवली, नट हातानंच फिरवून ठेवला. घरी पळत जाऊन आईच्या लुगड्याची चिंधी आणली आणि स्टेअरिंगला बांधली. गॅरेजच्या कायद्यानं गाडी हलणार नव्हती. मिस्त्री, तुमच्या खिशातला कपडा द्या."

लिंबाजीने निळा कपडा पुढे केला. चांगुणाबाईंनी पिवळा काठ बघितला आणि तोंडावर पदर घेतला.

"चिंधी निघाली आणि तिच्या जागी हार आला. पण मिस्त्रीच्या मनात धाकधूक होती, म्हणून चहाचा तीनदा आग्रह. वेशीपर्यंत हळू जाईल, परत येईल, तोवर हत्यारं उचलता येतील, पाच मिनिटांत पिन घालू. असाच हिशेब होता ना? पण शेठ पोखर्णीला निघाले, आणि हातानं फिरवलेला नट वाटेत सुटत गेला."

तात्यारावांना आता कुठे पुराव्यात चहा कुठे बसतो ते समजलं.

लिंबाजी पाटाशेजारी खाली बसला. "मुहूर्त टळायलाय म्हणून शेठ दारात उभे. देवाचं हत्यार उचलावं तर पाप, शेठला न्हाई म्हणावं तर पंचाईत. वाटलं, दोन फर्लांगाचा तर सवाल. साहेब, त्या दिवसापास्नं पकडीला हात लावायची हिंमत न्हाई मला. लेकरू आत बसलं आन् मी गप्प ऱ्हायलो. मला धरा."

"आणि तू का गप्प राहिलास रे?" फौजदारांनी पंडितला विचारलं.

पंडित पहिल्यांदाच बोलला. "गावात कुणी काम देईना, तवा मिस्त्रीमामांनी हातात पाना दिला. स्वतःच्या कपातला चहा दिला. या वयात त्यांचं गॅरेज बंद पडलं तर ते कुठं जातील? मी तरणा हाय. आन् चूक माझी बी हायच. काम अर्धं टाकून गेलो."

सकाळी याच पोराला आपण कबुलीजबाब चिकटवला होता, याची तात्यारावांना मनापासून लाज वाटली.

"मुहूर्ताची घाई कुणाची होती?" रुख्मिणीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुमचीच."

दत्तरावांनी आपल्या प्लास्टरकडे बघितलं. "फौजदारसाहेब, तक्रार माझी हाय ना? मग माझी तक्रार न्हाई. कुणावरच."

फौजदारांनी मान हलवली, तसा हवालदार पंडितजवळून बाजूला झाला. समोरच्या हॉटेलातून चहा आला. एकच थाळी, सगळे कप सारखे. दत्तरावांनी धड हाताने एक उचलला आणि तो पंडितपुढे धरला. पंडितने कप घेतला.

"जा लेकरा," लिंबाजी म्हणाला. "घरी जा, तयारी कर. परवा हजर व्हायचंय."

"काम अर्धं हाय, मामा. नवा नट द्या."

लिंबाजी उठला. पाटासमोर वाकला, पकडीवरचं वाळलेलं फूल बाजूला केलं, आणि पाना, पक्कड, पिन नव्या नटासकट पंडितच्या हातात दिली. चांगुणाबाईंनी निळी चिंधी शेठच्या मोटारीच्या स्टेअरिंगला बांधली. पंडित गाडीखाली शिरला.

बराच वेळ खालून फक्त पान्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला आणि पंडित ग्रीसने माखलेले हात पुसत बाहेर आला.

"झालं मामा," तो म्हणाला. "आता सोडा चिंधी."