ओराझालीमामांचं दुसरं मृत्युपत्र

सकाळीच ताराझ शहरातून नोटरी ल्युडमिलाबाईंचा फोन आला. “कुलपाश-आपा, तुमच्या आईचे चुलतभाऊ ओराझाली वारले. घर आणि जर्दाळूची बाग तुम्हाला ठेवलीय. पण तातडीने या. आज दुसरं मृत्युपत्र निघालंय.”

कुलपाशची विधवा लेक दोन पोरं घेऊन भाड्याच्या एका खोलीत दिवस काढत होती. तिला हक्काचं छप्पर मिळायला आणि कुणीतरी ते हिसकावायला एकच गाठ पडली होती.

ती पोचली तेव्हा नोटरीच्या टेबलाशी मामांचा पुतण्या अरिस्तान बसला होता; नव्या कागदाने सगळं त्याच्या नावावर होत होतं. लहानपणीच बाप गेलेला, सगळ्या गावाने लाडावलेला. शेजारी त्याचा मित्र दाउरेन, कागदावरचा साक्षीदार. त्याचा फोन वाजला. “हो बाबा, औषध घेऊनच येतो,” म्हणत त्याने तो खिशात टाकला.

“सही कधी झाली?” कुलपाशने विचारलं.

“गेल्या महिन्यात,” दाउरेन म्हणाला. “ओराझाली-अतांनी मला जेवायला बोलावलं होतं.”

“जेवायला काय होतं?”

“मेंढी. मानाचं म्हणून डोकं माझ्यापुढे ठेवलं. मी कान कापून शेजारच्या पोराला दिला. मग अतांनी सही केली.”

“डोकं त्यांनीच ठेवलं?”

“अल्लाशपथ! स्वतःच्या हाताने.”

अरिस्तान हसला. “आपा, वाटणी राहिली बाजूला, स्वयंपाक काय विचारताय?”

“कायदा मला कळत नाही, बाळा. पण ताटं कळतात.” ती दाउरेनकडे वळली. “बापाला फोन लाव. हेच त्याला सांग.”

दाउरेनने खिशातला फोन घट्ट धरला. “त्यांना कशाला?”

“बघा बाई,” कुलपाश नोटरीला म्हणाली, “ज्याचा बाप जिवंत आहे, तो आम्हा कझाकांत मेंढीच्या डोक्याला सुरी लावत नाही. लावली तर बापाचं मरण चिंतलं म्हणतात. मामा रीतीला कडक. ते आजारी माणसाच्या लेकापुढे डोकं ठेवतील? हे जेवण झालंच नाही. आणि ही गोष्ट रचली कुणी? ज्याला बाप नाही, त्याने! अरिस्तानपुढे पोरवयापासून डोकं येतंय. स्वतःची सवय याने दुसऱ्याच्या तोंडी घातली.”

“गप्प बस, दाउरेन!” अरिस्तान ओरडला.

पण दाउरेन रडायलाच लागला. “आपा, बाबांना सांगू नका! मी तिथे गेलोच नव्हतो. अतांची सही यानेच ठोकली.”

ल्युडमिलाबाईंनी कागद कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि पोलिसांना फोन केला.

कुलपाशने लेकीला फोन लावला. “पोरी, खोली सोडतेय म्हणून घरमालकिणीला सांग. आणि सांगताना उगाच गोड बोलू नकोस.”