बाई थांबतात

डिशवरचा बर्फ झाडायचा, सौर पॅनेल पुसायचं, बॅटरीच्या वायरी जोडायच्या. रोज सकाळी हे काम माझंच. साथीमुळं देशभर शाळा बंद होत्या आणि पहिलीचा तास अकराला टीव्हीवर लागायचा. मी स्वतः नववीत शाळा सोडलेली. कारण विचारलंत तर भांडण होईल.

तास माझ्या भावासाठी. बिलगून, सात वर्षांचा. आजोबा गेल्यापासून तीन महिने कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. आई-बाबा मेंढरं घेऊन लांबच्या कुरणावर निघाले तेव्हा आई म्हणाली, "सारनाय, भांड, ओरड, काय वाट्टेल ते कर. पण त्याला बोलतं कर."

मी गोष्टी सांगितल्या, गुदगुल्या केल्या, एक धपाटाही घातला. ढिम्म.

आणि टीव्हीतल्या बाईंशी तो बोलला.

केस चापून बसवलेल्या, गोल चेहऱ्याच्या बाई. प्रश्न विचारायच्या, उत्तरासाठी जरा थांबायच्या, मग म्हणायच्या, "शाब्बास." सगळं आधी रेकॉर्ड केलेलं. देशातल्या सगळ्या पोरांना एकच शाब्बास.

"तीन आणि दोन?"

"पाच," बिलगून म्हणाला. घोगरा आवाज, गंज चढल्यासारखा.

मला रडू आलं आणि रागही. "माकडा, तीन महिने मी काय चुलीशी बोलत होते?"

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी त्याचं चुकलं. "सात आणि दोन?" "आठ." बाई थांबल्या. थांबूनच राहिल्या. चुलीत गोवरी ढासळली. मला वाटलं चित्र अडकलं, पण बाईंच्या पापण्या लवत होत्या.

"नऊ," बिलगून म्हणाला.

"शाब्बास."

फोनला रेंज फक्त मागच्या टेकडीवर. चढले आणि दरीपलीकडच्या मैत्रिणीला, उयांगाला लावला. तिची बहीणही पहिलीतच.

"तुमच्याकडं बाई मध्येच थांबतात का गं?"

"कुठल्या बाई? पहिलीला टकले सर आहेत. पोरं त्यांना बटाटा म्हणतात."

"अगं, अकराला, त्याच चॅनलवर."

"त्याच चॅनलवर, बटाटाच." ती हसली. "सारने, एकटी राहून डोकं फिरलंय तुझं. लग्न कर."

"तू कर आधी, उंटतोंडे!" फोन बंद केला. उतरताना दोनदा घसरले. वाटेतला बर्फ तर केव्हाच वितळला होता.

टीव्ही बंद करायला हवा होता. कळत होतं. पण बंद केला की पोरगं पुन्हा मुकं. आईला काय सांगू?

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यामागं आजोबांच्या पलंगावर बसले, डोळे पडद्यावर. आत मिठाच्या चहाचा वास, छतावर वारा.

"आज माणसं मोजू," बाई म्हणाल्या. "आत्ता घरात किती जण?"

"दोन."

बाई थांबल्या.

"दोनच की गं बये," मी पुटपुटले.

बाईंची नजर बिलगूनवरून उठली. माझ्याकडं आली. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन थांबली.

"पुन्हा मोज."

बिलगून वळला. बोट स्वतःवर ठेवलं. मग माझ्यावर. मग माझ्या शेजारी.

"तीन."

"शाब्बास."

मी उठले आणि वायर उपटली. पडदा काळा झाला. परत येऊन पलंगावर बसले.

बिलगून काही बोलेना. वाऱ्याचाही आवाज थांबला.

"बोल ना रे," मी म्हणाले. "शिव्या दे मला. काहीही बोल."

त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं.

"ताई."

स्वच्छ आवाज. तीन महिन्यांनी माझ्याशी बोलला.

"काय रे सोन्या?"

"जरा उठ ना. तू आजोबांच्या अंगरख्यावर बसलीयस."

मी अर्धवट उठले.

माझ्याखालून कापड सरकलं. हळूच, कुणी आपलं आपण ओढून घ्यावं तसं.