टोंगाच्या पारव्याची हाक

धुक्यातून आधी घंटा ऐकू आली, मग म्हैस दिसली आणि तिच्या मागून मालोजी.

"हा आवाज तुम्ही काढताय काय?" त्यानं विचारलं. "माझ्या म्हशी पुढं येत नायत."

अक्षदानं घाईघाईनं स्पीकर बंद केला. महाडजवळच्या नाते गावची ती. पक्ष्यांवर संशोधन करायची. कुडपणच्या पठारावर मोठ्या रानपारव्यांचे आवाज टिपायला आली होती. मालोजी इथलाच. मुंबईत मॉलमध्ये नोकरी करून कंटाळला आणि म्हशींकडे परतला.

तिनं त्याला सगळं सांगितलं. दूर पॅसिफिक समुद्रात टोंगा नावाची बेटं आहेत. तिथं एके काळी बदकाएवढा पारवा होता, मुठीएवढी फळं अख्खी गिळणारा. माणसं बेटांवर पोचली आणि तो संपला. त्याचा आवाज आज कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या आजच्या भाऊबंदांच्या आवाजांवरून तिनं अंदाजानं ही हाक बनवली होती. इथले पारवे तिला दाद देतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

"म्हंजे मेलेल्याला हाक मारताय," मालोजी म्हणाला. हसत म्हणाला, पण दरीकडे बघत.

तेवढ्यात खालून आवाज आला... हुम्म्... तोच, पण जास्त खोल. कानापेक्षा छातीत ऐकू येणारा.

"प्रतिध्वनी असेल," ती म्हणाली.

"स्पीकर कवाच बंद केलात की."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालोजी पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला. चांगलं गवत पठाराच्या पलीकडच्या अंगाला होतं आणि ते आता तिलाही कळलं होतं.

"इकडे कसे रोज?" तिनं एकदा विचारलंच.

"म्हशींना तुमचा पारवा आवडलाय."

"म्हशींनाच?"

"म्हशींचं मी सांगू शकतो..." एवढं बोलून तो उगाचच एका रेडकाला हाकलायला गेला. पाऊस भुरभुरला की तो छत्री आधी तिच्या यंत्रावर धरायचा, मग तिच्यावर, आणि स्वतः भिजायचा. तिच्या पापण्यांवर थेंब अडकले की बघत राहायचा. तिनं बघितलं की नजर वळवायचा.

दरीतली हाक मात्र रोज थोडी जवळ येत होती. दोघांनाही ती ऐकू यायची, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसता वारा. अक्षदानं हे कुणालाच कळवलं नाही. मालोजीला मात्र तिनं टोंगाच्या झाडांबद्दल सांगितलं. मोठी फळं त्या पारव्यासारखी गिळून दूर नेणारं कुणी उरलं नाही. फळं पिकतात आणि आईच्याच पायाशी पडून कुजतात. तो तिच्या शेजारी येऊन बसला.

मग एका दुपारी धुकं इतकं दाटलं की स्वतःचे पाय दिसेनात. तिनं हाक वाजवली आणि उत्तर अगदी समोरून आलं. मोठ्या पंखांची फडफड झाली, गालावर वारा लागला. ती स्पीकर हातात घेऊन उठली आणि आवाजाच्या मागं चालू लागली. मागून मालोजी हाका मारत होता, तिला त्या ऐकूच येत नव्हत्या.

"थांब गो." त्यानं तिचं मनगट पकडलं.

तिच्या पायाखालून एक दगड निसटला. तो खाली आपटल्याचा आवाज आलाच नाही. ती कड्याच्या टोकावर उभी होती. आणि समोर, जिथं नुसती पोकळी होती तिथून, तिच्या तोंडासमोरून पुन्हा... हुम्म्.

दोघंही हलली नाहीत.

"तो एकटाच आहे," ती कुजबुजली. "मी बोलावलं म्हणून आला." तिचं बोट स्पीकरच्या बटणावर होतं.

मालोजीनं स्पीकर हिसकावला नाही. "दाब हवं तर. पन माझा हात धरून दाब." मग थोडं थांबून म्हणाला, "तू बोलावलं नव्हतंस, तरी मी रोज आलो. म्हशींचं काय नाय त्यात."

तो तिला 'तू' म्हणत होता, हे तिला आत्ता जाणवलं.

"दिवाळीनंतर मी टोंगाला जाणार आहे," ती म्हणाली. "वर्षभर."

"जा की. थांबतो असं कशाला बोलू? मी हितंच असनार."

तिनं बटण दाबलं, ते हाक पुसून टाकायला. क्षणभर सगळं निःशब्द झालं. मग जड पंख हलले आणि समुद्राच्या दिशेनं लांब, लांब जात राहिले. अक्षदा रडत होती.

दोघं मालोजीच्या घराकडे आली तेव्हा त्याची आई, राहीबाई, ओट्यावर चहा घेऊन उभी होती. तिनं दोघांचे भिजलेले चेहरे पाहिले, मग हात पाहिले.

"कप घ्यायला तरी सोड गो त्याला," ती म्हणाली.

अक्षदानं डाव्या हातानं कप घेतला.