वाजवून नेण्याच्या अटीवर

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आणि मला सगळ्यात आधी आला तो राग. भीती त्यानंतर. मला थांबायला लावलेलं चालत नाही. रांगेत नाही, सिग्नलला नाही, दातांच्या डॉक्टरकडे तर मुळीच नाही. आई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी आहे. चौथ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी आम्ही बेस गिटारवाले जमतो, त्या मंडळींनी तर माझं नावच भिंगरी ठेवलंय.

मी घंटा दाबली. पुन्हा दाबली. मग पाठीवरची गिटार काढून खाली बसले, गिटारचं डोकं लिफ्टच्या पत्र्याला टेकवलं आणि जाड तार छेडली. बेस गिटार विजेशिवाय फारशी बोलत नाही, पण अशी टेकवली की सगळा पत्रा गुणगुणायला लागतो. मी एक छोटासा तुकडा वाजवला... मग तोच परत, जरा जोरात.

"आत कोण आहे?" वरून पुरुषी आवाज आला.

"एक वैतागलेली बाई आणि एक बेस गिटार."

"दोघी ठीक आहात ना?"

"एक अगदी मजेत आहे. दुसरीचा संयम संपत आलाय."

"म्हणजे गिटार मजेत आहे," आवाज म्हणाला, आणि पान्याचा खडखडाट सुरू झाला. "वाजवत राहा तुम्ही. लिफ्टवाल्याला असं स्वागत रोज मिळत नाही. फक्त... तिसरी तार जरा उतरलीय."

मी चाट पडले. खरंच उतरली होती. "तुम्हाला हो काय कळतं त्यातलं?"

"घरी एक आहे ना. बेस. शेजारी फारसे खूश नसतात."

"मग या की आमच्या मंडळात. आज ही विकायलाच काढलीय मी."

पान्याचा आवाज थांबला. "इतकी छान बोलतेय, आणि विकताय?"

"मी सगळंच विकते. दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय, महिनाअखेरीला निघायचं आहे. एका बॅगेत मावेल तेवढंच मी बरोबर नेते."

"मग... मी घेतो."

"डावखुरी आहे ती. माझ्यासारखी. उजव्या माणसाला तिचा काही उपयोग नाही."

वर पाना ठणकन खाली पडला.

"मीपण..." आवाज खाकरला. "मीपण डावखुराच आहे."

मग दार उघडलं. लिफ्ट मजल्यापासून हातभर खाली होती. दारात मळलेल्या निळ्या शर्टातला एक उंच माणूस ओणवा झाला होता. कपाळावर ग्रीसचा पट्टा आणि त्याखाली अतिशय अपराधी डोळे. "आधी तिला द्या," तो म्हणाला. गिटार त्याने तान्ह्या मुलासारखी अलगद उचलून घेतली. मग एका हाताने दार रेटून धरत दुसरा हात मला दिला. डावा. मी तो धरला आणि वर आले.

आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याच्या डाव्या बोटांच्या टोकांवर कडक घट्टे होते. उजवी माणसं डाव्या बोटांनी तारा दाबतात, त्यामुळे घट्टे डाव्या बोटांवर येतात. आम्ही डावखुरे सगळं उलटं करतो, आमचे घट्टे उजव्या बोटांवर. म्हणजे हे महाशय अस्सल उजवे होते आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, असा प्रकार झाला होता.

मी काही बोलले नाही. का नाही बोलले, ते तेव्हा मला नीटसं सांगता आलं नसतं. हात सोडायला मात्र मला जरा उशीरच झाला.

आमच्या मंडळाचा एक नियम आहे. वाद्य वाजवून न्यायचं. म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्यासमोर एक आख्खा तुकडा पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवायचा. तोवर पैसे हातात पडलेले असोत नाहीतर नसोत, वाद्य देणाऱ्याचंच. हा नियम मंडळातल्या मावशींनी घातला. मावशी आयुष्यभर कोर्टात टायपिस्ट होत्या आणि रिटायर झाल्यावर बेस शिकल्या. "लोक कपाटात ठेवायला वाद्य नेतात," त्या म्हणतात, "आपल्याकडे तसलं चालायचं नाही."

"हं, वाजवा," त्याला गिटार घ्यायची आहे हे कळताच मावशी लिफ्टवाल्याला म्हणाल्या.

लिफ्टवाल्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने खिशातून चिकटपट्टी काढली आणि आमच्यादेखत उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळली. "आत्ताच कापलं बघा. दार उघडताना."

"अरेरे," मी म्हणाले. "फार लागलं?"

"आता... आता कमी होतंय."

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. शेवटी असं ठरलं की बोट बरं होईपर्यंत गिटार त्याने घरी न्यावी, ओळख करून घ्यावी आणि मग येऊन वाजवावी. तोवर गिटार माझीच.

पुढच्या रविवारी चिकटपट्टी होती, पण बोट वेगळं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी दोन बोटांना पट्ट्या होत्या. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात तसं, मी नुसतं त्याच्या हाताकडे बघितलं तरी तो हात खिशात घालायचा.

मधल्या दिवसांत त्याचे फोन यायचे. कारण नेहमी गिटारचंच.

"ती पाठीमागच्या बाजूला एक ओरखडा आहे. तो कसला?"

"माझ्या पट्ट्याच्या बकलाचा."

"बरं झालं विचारलं. आणि त्या खालच्या खुंटीजवळचा निळा डाग?"

"रंगाचा आहे." मी रंगाच्या कारखान्यात शेड जुळवते. लोक भिंतीचा एक टवका आणून देतात, आणि तसाच रंग आम्ही बनवून देतो. "तो निळा कधीच जुळला नाही. त्या वैतागात गिटार काढली आणि हात पुसायचे राहिले."

"मग तो डाग मी पुसत नाही," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी उगाच खोलीत येरझारा घालत राहिले. निम्मी खोली आवरून झाली होती. पुस्तकं दिली, पंखा विकला, पडदे शेजारणीला दिले. दरवेळी या टप्प्यावर मला मोकळं मोकळं वाटतं. यावेळी भिंती अंगावर येत होत्या.

एकदा त्याने मला एका ऑफिसच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये नेलं. लिफ्टची मोटर तिथे असते. माझी गिटार त्याने आधीच आणून ठेवली होती.

"ऐका. ही मोटर एकच सूर धरून असते. मी रोज ऐकतो. कोणता ते सांगा."

मी गिटार मांडीवर घेतली, सूर शोधला, सापडला. मोटर आणि गिटार एकदम बोलायला लागल्या आणि पायाखालची फरशी थरथरली. तो भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या कानामागे पुन्हा ग्रीस लागलं होतं. माझी बोटं थांबली, तेव्हा त्याने डोळे उघडले.

"थांबलात का?"

"तुम्ही वाजवा ना आता."

"बोट..."

"कुठलं? या आठवड्याचं कुठलं आहे?"

तो हसला. मीपण हसले. मग मोटर एकटीच गुणगुणत राहिली.

"तिकडे गेल्यावर काय वाजवणार तू?" त्याने विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"दुसरी घेईन."

"आणि तिथून निघताना?"

"तीही विकेन. बाबांची नोकरी बदलीची होती रे. लहानपणापासून हेच केलंय. बॅग भरायची आणि मागे वळून बघायचं नाही."

"आणि माणसं?"

"माणसं विकता येत नाहीत," मी म्हणाले. "ती... राहून जातात."

त्याने मान हलवली आणि मोटरचं झाकण लावायला घेतलं. ते आधीच लागलेलं होतं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि मला ते अजिबात आवडलेलं नव्हतं.

निघण्याआधीचा शेवटचा रविवार आला. मी वर पोचले तर मावशींच्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी बसलेली. अस्सल डावखुरी. बिचारी आजवर उजवी गिटार उलटी धरून शिकत होती. लिफ्टवाल्याने आणून ठेवलेल्या माझ्या गिटारकडे ती अशी बघत होती की मला तिची दयाच आली.

मावशींनी निकाल दिला. "लिफ्टवाले, आज वाजवलंत तर गिटार तुमची. नाहीतर ही वाजवेल आणि घेऊन जाईल. भिंगरी परवा निघतेय, तिचा व्यवहार असा लोंबकळत ठेवता येणार नाही."

मी खिडकीपाशी उभी होते. तो माझ्याकडे आला.

"मी डावखुरा नाही," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. पहिल्याच दिवसापासून."

"काय?" तो आ वासून बघत राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, किती दिवस निभावतोस ते. आणि तू का खोटं बोललास?"

"दारामागून तो तुकडा ऐकला ना... वाटलं, ही गिटार भलत्याच कुणाकडे गेली तर तो वाजवणारा हातही गेला. मग म्हटलं, जोवर मी वाजवत नाही, तोवर व्यवहार पुरा नाही. तोवर तू इथे येत राहशील." त्याने हातावरची पहिली पट्टी सोडायला घेतली. "पण हे बरोबर नाही. मी लिफ्टवाला आहे. अडकलेल्या माणसाला बाहेर काढणं हे माझं काम. अडकवून ठेवणं नाही."

पट्ट्या निघाल्या. खाली खरेच फोड होते. उजव्या हाताच्या चारही बोटांवर काही फुटलेले, काही ताजे, काहींची कातडी नुकती घट्ट व्हायला लागलेली. तो घरी बसून उलट्या हाताने शिकत होता.



तो खुर्चीत बसला, माझी गिटार माझ्यासारखी धरली आणि वाजवायला लागला. मी लिफ्टमध्ये वाजवलेला तोच तुकडा. अडखळत, चुकत, एका जागी तर बोट चक्क भलत्याच तारेवर. कॉलेजातल्या मुलीने ओठ चावला. पण तो थांबला नाही. तुकडा वर चढला, वळला, खाली उतरायला लागला. त्याची नजर बोटांवर होती आणि माझी त्याच्यावर. एकच सूर उरला होता. तो वाजला की गिटार त्याची आणि मी मोकळी. आयुष्यभर मला हेच तर हवं असायचं.

तीन ढांगांत मी खुर्चीपाशी गेले आणि चारही तारांवर पंजा ठेवला.

माझ्या हाताखाली तारा अजून थरथरत होत्या, आणि त्यांच्यावरून त्याची बोटं माझ्या बोटांना लागत होती.

"शेवटचा सूर राहिला," मी म्हणाले.

"तूच अडवलास."

"राहू दे राहिलेला. मावशी, नियम काय सांगतो?"

मावशींनी चष्मा काढून पुसला. "तुकडा पुरा नाही. वाद्य देणाऱ्याचं."

"म्हणजे गिटार माझी. मी जातेय, ती इथेच राहणार." मी त्याच्याकडे बघितलं. "मी कधी मागे काही ठेवून जात नाही रे. हे पहिल्यांदाच."

त्याने माझा हात तारांवरून काढला नाही. कॉलेजातल्या मुलीचा चेहरा मात्र पडला. तेव्हा मावशींनी दोघांना वार वाटून दिले: आठवड्यातले काही दिवस ती, काही दिवस तो. "डावी बेस एक, शिकणारे दोन," त्या म्हणाल्या, "भांडू नका."

मी गेले. नव्या कारखान्यातली रंगांची प्रयोगशाळा मोठी होती, माणसं चांगली होती. आजवर कुठेही पोचले की मी पहिल्या संध्याकाळी बॅग रिकामी करायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी कंटाळायचे. तिथे बॅग भरलेलीच राहिली. जमेल त्या रविवारी मी येत होते. तो तुकडा वाजवायचा. दरवेळी आधीपेक्षा बरा. शेवटच्या सुरापाशी थांबायचा आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचे. अजून नाही. मग मावशी म्हणायच्या, "नशीब माझं, कोर्टातून रिटायर झाले तरी तारखा इथेही सुटत नाहीत."

आईने फोनवर विचारलं, "हल्ली सारखी तिकडे कशाला जातेस गं?"

"एक व्यवहार अर्धा राहिलाय."

"मग पुरा कर बाई एकदाचा," आई म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी मी आले, तेव्हा लिफ्ट सुरळीत वर पोचली. त्या लिफ्टची देखभाल हल्ली संशय यावा इतकी चोख होते. पाठीवरची बॅग मी दारातच उतरवली. नेहमीपेक्षा मोठी होती. तो वाजवत होता. तुकडा चढला, वळला, उतरला. तो थांबला, भुवया उंचावल्या.

"वाजव," मी म्हणाले.

त्याचा हात हवेत राहिला. "विचार कर. वाजवला तर गिटार माझी होईल."

"होऊ दे. जुन्या कारखान्यात माझी जागा अजून भरली नव्हती, ती मागून घेतली."

"आणि पायाची भिंगरी?"

"ती आहेच. फिरेन की. पण रोज संध्याकाळी तुझ्याकडे परत येईन... चालेल?"

मावशी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागल्या. त्याने माझ्याकडे बघितलं, गालात हसणाऱ्या कॉलेजातल्या मुलीकडे बघितलं, आणि मग एकदम लाल झाला.

"चालेल," तो म्हणाला, आणि शेवटचा सूर वाजवला. तिसरी तार अजून थोडी उतरलेलीच होती.