कपले, इकडं ये!

"दोन शेळ्या काल हौदावर पाणी प्याल्या अन् थरथर कापायले लागल्या. रामसिंगकाका म्हणतात ऊन लागलं! मले नाही पटत!" रंजिता म्हणाली.

"मंग गोदाम पाहू! कालपासून तिथून धपधप आवाज येऊन राह्यला," तिचा धाकटा भाऊ इंद्रजीत म्हणाला. सुट्टीला वणीहून आलेली त्यांची मैत्रीण गझाला तर केव्हाच अंगणाबाहेर पोचली होती!

मे महिना होता. मुकुटबनजवळच्या त्यांच्या तांड्याभोवती गवताच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. चरून आलेली ढोरं उपाशीच परतत, म्हणून त्यांच्यासाठी चाटण विटा आल्या होत्या. गूळ, मीठ, क्षार आणि थोडा युरिया घालून दाबलेल्या, दगडासारख्या टणक! पण 'नीट वाटप करतो' म्हणत गोदाम सांभाळणाऱ्या रामसिंगकाकांनी त्या गोठ्यांतून परत नेल्या होत्या.

गोदामाचं दार उघडंच होतं. आत मुसळ पडलं होतं, आणि शेजारी टोपलंभर चुरा!

"या अल्ला! विटा कुटल्या काहून?" गझाला कुजबुजली.

एवढ्यात पावलं वाजली. तिघं कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या पोत्यांमागे दडली. रामसिंगकाका फोनवर बोलतच आत आले.

"अरे, ढोरं चाटत बसले तं दिवस जाते! चुरा हौदात कालवला की एका घोटात काम! काल जरासा टाकून पाह्यला, आज सगळाच टाकतो."

त्यांनी टोपलं उचललं, बाहेर जाऊन दार ओढलं आणि खट्कन कुलूप लावलं!

रंजिताला एकदम आठवलं. विटा देताना पशुवैद्यक उज्ज्वलाताईंनी बजावलं होतं, "चाटू द्या, पण पाण्यात विरघळवू नका. युरिया एकदम पोटात गेला तर जनावर दगावतं!" तेव्हाही काका फोनवरच होते!

"काका! थांबा! नका टाकू!" तिघांनी दार बडवलं. पण फोनच्या नादात काकांनी टोपलं समोरच्या हौदात रिकामं केलं, मोटारसायकलला किक मारली, आणि त्या फटफटीत पोरांचा आवाज विरून गेला.

वर तापलेला पत्रा, खाली गुळाच्या वासाला जमलेल्या मुंग्या. खिडकीला जाड गज. इंद्रजीतनं डोकं घालून पाहिलं, कानच सोलवटले. ओरडून ओरडून घसे बसले, पण तांडा दूर होता.

"आपण अटकलो," इंद्रजीत रडवेला झाला.

"आपलं सोड रे," रंजिता खिडकीतून पाहत म्हणाली. "ते पाहा!"

पांदणीच्या वाटेवर धूळ उठली होती. ढोरं परतत होती, तहानलेली! मागे काठी घेऊन रंजिताची आई जमनी. सगळ्यांच्या पुढे कपली, रंजितानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली गाय. कपली जाईल तिकडे सगळा कळप!

रंजितानं गोदामात नजर फिरवली. कोपऱ्यात एक वीट शाबूत होती! गझालानं ती उचलून आणली. रंजितानं गजांतून दोन्ही हातांनी ती बाहेर धरली.

"कपले! ये गं कपले! इकडं ये!"

फाटका आवाज. कपली थांबली. तिनं कान टवकारले, हौदाकडे पाहिलं.

"कपले, माय, ये ना!"

कपली वळली! तिच्यामागे अख्खा कळप खिडकीकडे! तिची खरखरीत जीभ विटेवर फिरू लागली.

"अगं, ढोरं कायले बिथरवतेस?" जमनी धावत आली. "अन् तू आत कशी?"

"याडी," रंजिता आईला म्हणाली, "हौदात विष हाय! ढोरं अडव! आमचं मागून पाहू!"

जमनीनं पुढचं विचारलंच नाही. तिच्या हाकेनं माणसं धावली. कुणी हौद काट्यांनी झाकला, कुणी उज्ज्वलाताईंना फोन लावला. कुलूप तोडायला कुणी दगड घेणार, तोच रामसिंगकाका परतले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईनं कुलूप उघडलं.

"माह्या हातून सत्यानाश होणार होता, पोराहो," ते कसेबसे म्हणाले.

उज्ज्वलाताईंनी हौद स्वतः उभं राहून रिकामा करवला, शेळ्यांना तपासलं. दोन्ही सावरत होत्या. मग त्या मुलांकडे वळल्या. "शाब्बास! मी सांगितलेलं मोठ्यांनी ऐकलं नाही. तुम्ही ते ऐकलं आणि वेळेवर आठवलंसुद्धा!"

 जमनीनं रंजिताच्या घामेजल्या केसांवरून हात फिरवला.

"सकाळी जेवढी ढोरं नेलती, तेवढी घरी आली, बाई," ती म्हणाली. "तुम्हा पोराइमुळे."